लाल शाई आणि चार चित्रपट

सुटीत काही चित्रपट पाहावेत आणि त्यांविषयी जे वाटले ते लिहून ठेवावे, असा आमचा जुना परिपाठ आहे. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. एकाच महाविद्यालयात, एकाच विभागात आणि गेली अठरा वर्षे एकाच घरात. त्यामुळे चित्रपट संपल्यावर वाद घालायला माणूस शोधावा लागत नाही. पुढील मजकुरात सर्वत्र 'आम्ही' आले असले, तरी ते प्रत्येक वेळी एकमताचे आहे असे वाचकांनी समजू नये. जिथे मतभेद विकोपाला गेले, तिथे तसे नमूद केले आहे. ही समीक्षा नव्हे, हेही आधीच सांगितलेले बरे. छायाचित्रण, संकलन यांच्या परिभाषेत आमची फारशी गती नाही. आमचा व्यवसाय शब्दांचा, त्यामुळे चित्रपटालाही आम्ही बहुधा कानांनीच सामोरे जातो.

सप्टेंबर २०२५ मध्ये रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' पाहण्यासाठी आम्ही तालुक्याच्या गावाहून पुण्याला गेलो. परतताना एसटीत दोघेही गप्प होतो. मग दिवाळीच्या सुटीत चैतन्य ताम्हाणे यांचे 'कोर्ट' (२०१४) आणि 'द डिसायपल' (२०२०) व नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३) असे तीन चित्रपट घरी पुन्हा पाहिले. हे तीन का निवडले, ते तेव्हा आम्हांला नीट सांगता आले नसते. आता थोडे सांगता येईल. 'साबर बोंडं' आधी पाहिला असला, तरी त्याच्याविषयी शेवटी लिहीत आहोत. त्यालाही कारण आहे.

'कोर्ट' पहिल्यांदा पाहिला तेव्हा व्हेनिसच्या महोत्सवातील पुरस्कार आणि पाठोपाठ मिळालेला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार यांची चर्चा कानांवर होती. आपण काहीतरी महत्त्वाचे पाहत आहोत, या जाणिवेनेच तो पाहिला गेला. नारायण कांबळे या लोकशाहिराच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने मॅनहोलमध्ये उतरून आत्महत्या केली, असा आरोप आणि त्यावर मुंबईतील कनिष्ठ न्यायालयात चाललेला खटला, एवढेच त्याचे कथानक. त्या वेळी आम्ही व्यवस्थेचा निर्ढावलेपणा वगैरे बोललो होतो. या खेपेस लक्ष गेले ते एका अगदी साध्या गोष्टीकडे. साक्षीदार मराठीत बोलतो, वकील हिंदी-इंग्रजीत बोलतात आणि न्यायाधीश ऐकलेल्याचा सारांश टंकलेखकाला इंग्रजीतून सांगतात. नोंद होते ती त्या सारांशाची.

मृत कामगाराच्या पत्नीची साक्ष हा आमच्या मते या चित्रपटाचा गाभा आहे. मॅनहोलमध्ये उतरण्यापूर्वी नवरा आत खडा टाकून पाहत असे, झुरळ बाहेर आले की आत हवा आहे असे समजत असे, हे ती सांगते. आवाजात चढउतार नाही, डोळ्यांत पाणी नाही. बाजारभाव सांगावा तसे ती सांगते. एखाद्या कादंबरीत हा तपशील आला असता, तर आम्ही तो वर्गात दोनदा वाचून दाखवला असता. इथे तो उच्चारला जातो आणि दुसऱ्याच क्षणी कागदावरच्या भाषेत विरून जातो. माणूस बोलला, कामकाजही झाले, आणि त्याचे बोलणे मात्र कुठेच उरले नाही.

सरकारी वकील नूतन हिच्याविषयी आमच्यात वाद झाला. गीतांजली कुलकर्णी यांनी ती भूमिका अशी केली आहे की, कायद्याची कलमे घडाघडा वाचणारी ही बाई संध्याकाळी पाळणाघरातून मुलाला घेऊन घरी येते आणि स्वयंपाकाला लागते, तेव्हा तिचा राग करणे अवघड होऊन बसते. आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे की, दिग्दर्शकाने तिला फार सहजी सोडून दिले. दुसरीचे म्हणणे असे की, तिला सोडलेले नाही, आपल्यालाच पकडले आहे. पेपर तपासून, भाजी निवडून, सुटीच्या दिवशी नाटकाला जाणाऱ्या मराठी मध्यमवर्गीय बाईचे घर दिग्दर्शकाने बारकाईने दाखवले आहे आणि ते घर आपले आहे. हा वाद मिटला नाही. शेवटी न्यायालयातील दिवे मालवले जातात आणि पडद्यावर काळोख होतो, तिथेच चित्रपट संपायला हवा होता, यावर मात्र एकमत झाले. न्यायाधीशांच्या सहलीचा पुढचा भाग आम्हांला आजही किंचित जास्तीचा वाटतो.

'द डिसायपल'ची गोष्ट वेगळी. ख्यालगायकीत स्वतःला झोकून देऊ पाहणारा शरद नेरूळकर, त्याचे वृद्ध गुरुजी आणि गुरुजींच्या गुरू 'माई'. माई पडद्यावर कधीच दिसत नाहीत. त्यांच्या व्याख्यानांचे ध्वनिमुद्रण तेवढे ऐकू येते. रात्री रिकाम्या उड्डाणपुलावरून शरद मोटारसायकलवर संथ गतीने जात असतो आणि कानांत माईंची ती नितळ, कठोर, तडजोड न मानणारी मराठी चालू असते. हा आवाज सुमित्रा भावे यांचा आहे. १९ एप्रिल २०२१ रोजी त्या गेल्या आणि त्याच महिन्याच्या अखेरीस हा चित्रपट नेटफ्लिक्सवर आला. 'कोर्ट'मधील शाहिराची भूमिका करणारे, 'विद्रोही' मासिकाचे संपादक वीरा साथीदार हेही त्याच एप्रिलमध्ये करोनाने गेले होते. ताम्हाणे यांच्या दोन चित्रपटांतील दोन मराठी आवाज, एक तळातून वर फेकलेला आणि एक उंचावरून खाली येणारा, एकाच महिन्यात निमाले. या योगायोगाला काही अर्थ नाही हे आम्ही जाणतो. तरी दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहताना तो मनातून जात नाही.

या चित्रपटातील गाण्याच्या स्पर्धेचे उपकथानक आम्हांला ढोबळ वाटले. दूरचित्रवाणीमुळे कोवळ्या गायिकेचे काय होते, हे आपण आधीच जाणतो. त्यासाठी ताम्हाणे यांची गरज नव्हती. पण आपण त्या प्रतीचे नाही, हे उमजत जाण्याची शरदची जी संथ प्रक्रिया आहे, ती चाळिशी ओलांडलेल्या कोणाही अध्यापकाला अस्वस्थ करील. आम्हीही कधीकाळी कविता लिहीत होतो. असो. त्याहून आम्हांला टोचली ती माईंची भाषा. इतकी निर्दोष मराठी ऐकताना सुख होते, आणि त्याच वेळी असेही वाटत राहते की, या भाषेच्या दारात उभे राहून किती जण परत गेले असतील. शरद तर पुण्या-मुंबईच्या संस्कारांतला मुलगा. तोही तिच्या ओझ्याखाली वाकला आहे.

'फँड्री' आम्ही फेब्रुवारी २०१४ मध्ये, प्रदर्शित झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात पाहिला होता. नागराज मंजुळे हे पुणे विद्यापीठाचे मराठीचे एम. ए., कवी, त्यामुळे मराठी विभागात एक प्रकारचा भाऊबंदकीचा अभिमानही होता. पण चित्रपटाच्या नावाशीच आमची गाडी अडली होती. 'फँड्री' हा कैकाडी भाषेतला शब्द, अर्थ डुक्कर. आम्हांला तो ठाऊक नव्हता. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) आम्ही अनेक वर्षे शिकवत होतो. कैकाडी समाजात वाढलेल्या लेखकाच्या त्या आत्मकथनाची 'भाषाशैली' चार मुद्द्यांत सांगून, पाचवा मुद्दा 'समारोप' असा फळ्यावर लिहून आम्ही खाली उतरत असू. ती भाषा कानांवर कशी पडते, हे ऐकण्याची गरज आम्हांला कधी वाटली नव्हती. ती प्रथम ऐकली ती चित्रपटगृहाच्या अंधारात.

चित्रपटाविषयी इतके लिहिले गेले आहे की पुनरुक्ती टाळतो. डुक्कर पकडण्याच्या ऐन क्षणी शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात, जब्या जागच्या जागी उभा राहतो आणि हाती आलेले डुक्कर निसटते. पकडलेले डुक्कर पुढे शाळेच्या भिंतीवरील महापुरुषांच्या चित्रांसमोरून वाहून नेले जाते. यांतील दुसरे दृश्य फार योजून केलेले आहे, असे आमच्यापैकी एकाचे तेव्हापासूनचे मत. दुसरीने या वेळी त्याला आपल्याच महाविद्यालयाच्या आवारातील भिंत आठवून पाहायला सांगितले. त्या भिंतीवर तीच चित्रे आहेत, आणि त्यांच्याखालून रोज काय काय जाते हे आपण पाहत नाही. हा युक्तिवाद बिनतोड होता. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाकडे येतो. २०१४ मध्ये त्या दगडाला चित्रपटगृहात टाळ्या पडल्या. आम्हीही वाजवल्या. दगड आपल्यालाच मारला आहे हे कळल्याच्या आनंदात वाजवलेल्या टाळ्या होत्या त्या. असला आनंद फार सुशिक्षित माणसांनाच होतो.

या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत, कारण मधल्या काळात आम्हांला एक गोष्ट आठवली होती. ती सांगितल्याखेरीज हा लेख पुढे जाणार नाही.

त्याच २०१४ सालच्या पहिल्या सत्राची परीक्षा. प्रथम वर्ष कला शाखेच्या पेपरात निबंधाचा प्रश्न होता: 'पावसाळ्यातील एक दिवस'. एका मुलाने लिहिले होते की, रात्री छप्पर गळू लागले, 'आमी समदी भिजूनशान' कोपऱ्यात बसलो आणि आजी पिठाच्या डब्यावर पदर धरून सकाळपर्यंत जागी राहिली. आम्ही 'आमी', 'समदी', 'भिजूनशान' या शब्दांखाली लाल रेघा ओढल्या, समासात 'अशुद्ध' असे लिहिले आणि दहापैकी तीन गुण दिले. इथपर्यंतही एक वेळ ठीक. पण त्यानंतर आमच्यापैकी एकाने ते वाक्य अध्यापक-कक्षात हेल काढून वाचून दाखवले आणि दुसरी हसली. आणखीही दोघे-तिघे हसले. तो मुलगा वर्गाच्या वह्यांचा गठ्ठा घेऊन दारात उभा होता. त्याने वह्या टेबलावर ठेवल्या, कडा सारख्या केल्या आणि तो निघून गेला.

दुसऱ्या सत्रात निबंध पुन्हा पावसावर नव्हता, वसंत ऋतूवर होता. पण पाऊस त्याने तरीही आणला. पर्जन्यराजाचे आगमन झाले, धरित्रीने हिरवा शालू परिधान केला, बळीराजा सुखावला. एकही चूक नव्हती. एकही माणूस नव्हता. आम्ही सात गुण दिले आणि मुलगा सुधारला असे एकमेकांना सांगितले.

आमच्याच अभ्यासक्रमात त्याच वर्षी 'ग्रामीण साहित्यातील बोलीचे उपयोजन' असा दहा गुणांचा प्रश्न होता. छापून आलेल्या बोलीला दहा गुण आणि समोरच्या बाकावरून आलेल्या बोलीला लाल रेघ, यांतली विसंगती चार पदव्या पदरात असलेल्या दोन माणसांच्या ध्यानात आली नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आम्ही गावातून ग्रंथदिंडी काढली. त्या दिंडीतही ही आठवण आली नव्हती.

ती आली २०२५ च्या उन्हाळ्यात, एसटी स्थानकावर. तो स्वतःहून समोर आला. आता एका पतसंस्थेत नोकरीला आहे. "सर, मॅडम, आपली प्रकृती कशी आहे?" असे त्याने विचारले. पाच-सात मिनिटे तो बोलला. वृत्तनिवेदकासारखी स्वच्छ मराठी, एक काना-मात्रा इकडची तिकडे नाही. मग त्याचा फोन वाजला. पडद्यावर 'आई' असे उमटलेले आम्हांला दिसले. त्याने क्षमा मागितली, आमच्याकडे पाठ केली, खांबापलीकडे गेला आणि आवाज दाबून बोलू लागला. शब्द ऐकू आले नाहीत. हेल तेवढा ऐकू आला. अकरा वर्षांपूर्वी आमच्यापैकी एकाने ज्याची नक्कल केली होती, तोच.

तो रागावलेला असता तर बरे झाले असते. त्याने आमच्या मुलाची चौकशी केली आणि गाडीत जागा धरून दिली.

'कोर्ट'मधील टंकलेखकाकडे या वेळी आमचे लक्ष का गेले आणि माईंच्या निर्दोष मराठीने का टोचले, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. नोंदवहीच्या भाषेत माणसाचे बोलणे उतरवून घेण्याचे काम आम्हीही वीस वर्षे करत आलो आहोत. प्रमाणभाषा शिकवू नये असे आमचे म्हणणे नाही. ती शिकवलीच पाहिजे; त्या मुलाला पतसंस्थेतील नोकरी तिनेच दिली असणार. पण पिठाच्या डब्यावर पदर धरून बसलेली आजी ज्या भाषेत जागी राहिली, ती भाषा खोडून तिच्या जागी धरित्रीचा हिरवा शालू आणण्याला आम्ही शिक्षण म्हणत होतो. 'फँड्री' पाहून टाळ्या वाजवणारी आणि त्या रेघा ओढणारी माणसे एकच होती, आणि दोन्ही कामे त्यांनी एकाच वर्षात केली.

आता 'साबर बोंडं'. सनडान्स महोत्सवात २०२५ मध्ये जागतिक कथाचित्रपट विभागाचे सर्वोच्च पारितोषिक याला मिळाले. वडिलांच्या निधनानंतर दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद, आणि तिथे त्याला पुन्हा भेटलेला बालपणीचा मित्र बाळ्या. दोघेही लग्नाचे वय झालेले, दोघांच्याही मागे लग्नाचा लकडा. चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. शेळ्या, वारा, भांडी, बायकांचे दबके बोलणे एवढेच ऐकू येते. संथपणा कोणाला खुपेल. आमच्यापैकी एक जण मध्यंतराच्या सुमारास चुळबुळत होता, हे नमूद केले पाहिजे. दोघांच्या नात्याला नाव देण्याची घाई हा चित्रपट करत नाही. बाळ्या आनंदसाठी निवडुंगाची बोंडे आणतो, काटे काढून. त्याहून अधिक काही सांगण्याची तिथे गरजही पडत नाही.

आमच्या मनात राहिली ती आई. जयश्री जगताप यांनी ती विलक्षण साधेपणाने उभी केली आहे. तिला सगळे ठाऊक आहे. नातलगांचा लग्नाचा प्रश्न आला की ती मुलाच्या आणि प्रश्नाच्या मध्ये उभी राहते. मुलाने बोलावे म्हणून ती त्याला टोकत नाही, आणि बोलू नये म्हणून दटावतही नाही. त्याच्या बोलण्याची आणि गप्प राहण्याची, दोन्हींची राखण करते. एसटीत आम्ही गप्प होतो ते यामुळे. उन्हाळ्यात स्थानकावर ऐकलेला तो दाबलेला आवाज दोघांनाही आठवला होता, आणि आपल्याला तसे मध्ये उभे राहता आले नाही, उलट आपणच तो प्रश्न झालो, हे दोघेही एकमेकांना सांगत नव्हतो.

डिसेंबरमध्ये आम्ही द्वितीय वर्षाच्या वर्गाला 'फँड्री' दाखवला. दगड आला, पडदा काळा झाला, दिवे लागले. चाळीसेक मुले होती, कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका मुलीने विचारले, "सर, याच्यावर प्रश्न कसा येतो?" त्यावर थोडे हसू पसरले, आमच्याही तोंडावर आले. मग चर्चेला आरंभ म्हणून आमच्या ओठांवर जो प्रश्न आला होता तो असा: 'फँड्री' हा शब्द यापूर्वी कोणी ऐकला होता का?

प्रश्न ओठांवरच राहिला. तो विचारला असता, तर चाळीस माना वळल्या असत्या आणि कोणीतरी एक जण बाकावर खिळून राहिला असता, किंवा हात वर करून उभा राहिला असता. दोन्हींतून त्याची जात वर्गाला कळली असती. भाषेचा आदर करण्याच्या भरात आम्ही आणखी एका मुलाला दारात उभे करणार होतो, या वेळी टाळ्यांसाठी. आम्ही फक्त एवढेच सांगितले की, ज्याला जे लिहावेसे वाटेल त्याने ते आपल्या घरच्या भाषेत लिहावे, नाव घालावे किंवा घालू नये, आणि यावर लाल शाई वापरली जाणार नाही.

आमच्यापैकी एकाला अजूनही वाटते की, तो प्रश्न न विचारणे हा भित्रेपणा होता. जातीचे नाव वर्गात निघूच नये अशी जी आमची सोयीची सवय, तिचेच ते सभ्य रूप. दुसरीला वाटते की, केव्हा बोलावे हे ठरवण्याचा हक्क बोलणाऱ्याचा असतो, शिक्षकाचा नव्हे. या लेखातील 'आम्ही' इथे पुन्हा फुटतो आणि तो सांधण्याची घाई आम्ही करणार नाही.

आठवड्याभरात सतरा कागद आले. पाचांवर नावे नाहीत. काही शब्द आम्हांला कळलेले नाहीत. शब्दकोशांत पाहिले, तिथेही नाहीत. त्या शब्दांखाली आम्ही पेन्सिलीने बारीक टिंबे दिली आहेत, आपल्याला विचारून घ्यायचे आहेत म्हणून. कोणाला, हे अजून ठरलेले नाही.